जिच्यासाठी अमेरिकेत आलो, त्या मुलीचाच एच-४ दर्जा एकविसाव्या वर्षी संपतो आहे

कृष्णाकाठ (न्यू जर्सी)
१५ नोव्हेंबर २०२५

सर्वांना नमस्कार. अनेक वर्षे मी येथील लेखन वाचते आहे, परंतु स्वतः लिहिण्याची ही पहिलीच वेळ. प्रश्न थोडासा कायद्याचा आणि बराचसा घरातला आहे, म्हणून विस्ताराने लिहिते.

आम्ही मूळचे मिरजेचे. ऑगस्ट २०१२ मध्ये माझ्या पतींना कंपनीने एच-१बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर येथे पाठवले, तेव्हा आमची मुलगी सहा वर्षांची होती. मुलाचा जन्म २०१४ मध्ये येथेच झाला, त्यामुळे तो जन्माने अमेरिकेचा नागरिक आहे. मुलगी मात्र वडिलांच्या व्हिसावर अवलंबून असलेली, म्हणजे एच-४ दर्जाची आहे. एकाच टेबलावर बसून अभ्यास करणाऱ्या दोन भावंडांमध्ये एवढे अंतर आहे, हे धाकट्याला अजून नीटसे ठाऊकही नाही.

पतींच्या पहिल्या कंपनीने ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू करू, असे तीन वर्षे सांगितले आणि ती केली नाही. दुसऱ्या कंपनीने केली, तोवर उशीर झाला होता आणि आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतील जागा ठरवणारी तारीख, नोव्हेंबर २०१६ ची पडली. परराष्ट्र खात्याच्या या महिन्याच्या व्हिसा बुलेटिनमध्ये ईबी-२ या उच्चशिक्षित नोकरदारांच्या गटातील भारतीयांची रांग २०१३ च्या पूर्वार्धापर्यंतच आलेली आहे. मुलगी जून २०२७ मध्ये एकवीस वर्षांची होईल, आणि त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने ती आमच्यावर अवलंबून असलेले अपत्य राहणार नाही. तोवर रांग साडेतीन वर्षे पुढे सरकेल, अशी आशा आम्ही आता सोडून दिली आहे.

या तेरा वर्षांत काय काय केले, हे दया मिळावी म्हणून सांगत नाही, पण ते सांगितल्याशिवाय पुढचा प्रश्न कळणार नाही. मी २००३ ची बी. फार्म. आहे. येथे औषधनिर्माता म्हणून काम करायचे तर परदेशी पदवीधरांसाठी असलेली परीक्षा द्यावी लागते, आणि २००३ पासून पुढे पदवी घेतलेल्यांना त्या परीक्षेला बसण्यासाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपली बी. फार्म. चार वर्षांची. एच-४ वरील पत्नींना काम करण्याची मुभा देणारा नियम २६ मे २०१५ पासून लागू झाला, परंतु त्यासाठी पतीचा आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डासाठी केलेला अर्ज, मंजूर असावा लागतो, त्यामुळे मला परवाना मिळायला २०१७ उजाडले. तेव्हापासून एका औषधांच्या दुकानात मदतनीस म्हणून उभ्याने आठ-नऊ तास गोळ्या मोजते. पतींनी दोन वेळा वरचे पद नाकारले, कारण कामाचे स्वरूप बदलले तर प्रक्रियेचे पहिले टप्पे पुन्हा करावे लागतात आणि नोकरीत एवढीशी उलथापालथही आम्हाला परवडणारी नव्हती.

जानेवारी २०२२ मध्ये सासरे गेले. पतींच्या पारपत्रावरील व्हिसाचा शिक्का संपलेला होता आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख कित्येक महिने मिळत नव्हती. पती मिरजेला गेले असते तर परत येता आले नसते, आणि नोकरी गेली असती तर चौघांचाही येथील मुक्काम संपला असता. दहाव्याला कृष्णा घाटावर पिंडाला कावळा शिवेना. आमच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते, आम्ही दोघे फोनच्या पडद्यासमोर बसलो होतो. दिरांनी सगळे सांगून पाहिले. शेवटी ते म्हणाले, "दादाची मुलं तिकडे चांगली शिकतील, त्यांची काळजी करू नका," आणि कावळा शिवला. योगायोग असेल, परंतु यजमान त्या वाक्यावर आजही जगतात.

गेल्या महिन्यात मुलीला उन्हाळ्यासाठी एका कंपनीत इंटर्नशिप मिळाली. ती अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एच-४ वरील मुलांना पगारी काम करता येत नाही, म्हणून तिला नकार कळवावा लागला. त्याच दिवशी तिने स्वतः नियम शोधून वाचले आणि एकविसाव्या वर्षाची गोष्ट तिला समजली. ती आम्ही तिच्यापासून लपवली होती, असे म्हटले तरी चालेल. "ग्रीन कार्ड येईल," एवढेच आम्ही सांगत आलो होतो. बोलता बोलता माझा तोल गेला आणि मी म्हणाले, "तुझ्यासाठीच तर हे सगळं सोसलं." त्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, "आई, मी सहा वर्षांची होते. माझ्यासाठी आलो, असं म्हणू नकोस. मला नाही पेलत ते."

त्या दिवसापासून घरात सगळे एकमेकांशी जपून बोलतात. माझे दोन प्रश्न आहेत. जून २०२७ च्या आत आम्ही नेमके काय करावे? आणि ज्यांची मुले या वाटेने गेली आहेत, त्यांनी मुलांना हे कसे सांगितले?


बालाघाट (टेक्सास)
१५ नोव्हेंबर २०२५

कृष्णाकाठ ताई, आमचा थोरला मुलगा २०२३ मध्ये याच उंबरठ्यावर होता, म्हणून लगेच लिहितो. मी वकील नाही. कागद एकदा वकिलाला दाखवाच, परंतु भेटीला जाण्याआधी पुढील गोष्टी ठाऊक असू द्या.

पहिली गोष्ट म्हणजे जून २०२७ ची वाट पाहू नका. मुलीला एफ-१, म्हणजे विद्यार्थी दर्जात आणण्याचा अर्ज आताच करा. त्यासाठी तिच्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून आय-२० हे पत्र घ्यावे लागते, परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीचे ३५० डॉलरचे सेव्हिस शुल्क भरावे लागते आणि आय-५३९ हा दर्जा बदलण्याचा अर्ज द्यावा लागतो. तिचे शिक्षण व राहणे यांचा खर्च भागवण्याइतके पैसे तुमच्याकडे आहेत, हे बँकेच्या कागदांनी दाखवावे लागते. दर्जा बदलून हाती यायला काही महिने जातात, म्हणून मोकळा वेळ हाताशी असणे महत्त्वाचे. एकविसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर केलेले अर्ज मी पाहिले आहेत आणि त्या घरांतल्या झोपा उडालेल्याही पाहिल्या आहेत.

तुमच्या मुलीच्या दृष्टीने एफ-१ मध्ये एक चांगली बाजू आहे, जी आम्हाला फार उशिरा कळली. एच-४ वर तिला कुठलेच पगारी काम करता येत नाही, एफ-१ वर मात्र सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला वीस तास काम करता येते, आणि अभ्यासक्रमाशी निगडित इंटर्नशिपही विद्यापीठाच्या संमतीने करता येते. पदवीनंतर बारा महिने आणि अभियांत्रिकीसारख्या विषयांना आणखी चोवीस महिने नोकरी करता येते. म्हणजे जी इंटर्नशिप या वर्षी गेली, तशी पुढच्या उन्हाळ्यात घेता येण्याची शक्यता आहे.

आता अडचणींकडे वळतो. एफ-१ साठी शिक्षणानंतर मायदेशी परत जाण्याचा हेतू असावा लागतो, आणि तुमच्या कुटुंबाचा ग्रीन कार्डाचा अर्ज रांगेत आहे. म्हणून अमेरिकेतच राहून दर्जा बदलून घेणे बरे. व्हिसाच्या शिक्क्यासाठी वकिलातीत जाण्याची वेळ शक्य तितकी टाळावी. याचा अर्थ असा की, मिरजेला आजीला भेटायला जाण्यापूर्वी तिला आता दहादा विचार करावा लागेल. हे तिला अर्जाआधीच सांगा, नंतर नको. दुसरे म्हणजे शुल्क. काही राज्यांत आणि काही विद्यापीठांत दर्जा बदलल्यावर विद्यार्थी राज्याबाहेरचा धरला जातो आणि शुल्क दुपटीहून अधिक होते, काही ठिकाणी तसे होत नाही. रजिस्ट्रारला ईमेलने विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आम्ही फोनवरच्या शब्दावर विसंबून राहिलो आणि एका सत्राचे शुल्क अंगावर आले.

मुलांच्या वयाला संरक्षण देणारा २००२ चा कायदा आहे, त्याबद्दल तुम्ही ऐकले असेल. रांगेत तारीख लागते त्या दिवशीच्या वयातून, आय-१४० अर्ज सरकारी कार्यालयात जितके दिवस पडून होता तितके दिवस वजा केले जातात. येथे एक विचित्र गोष्ट आहे. मी २०१४ मध्ये मुलांच्या भल्यासाठी म्हणून १,२२५ डॉलर पदरचे भरून हा अर्ज प्रीमियमने, म्हणजे जादा शुल्क देऊन लवकर, काढून घेतला आणि तो अकरा दिवसांत मंजूर झाला. तेव्हा पेढे वाटले होते. पुढे कळले की मुलाच्या वयातून अकराच दिवस वजा होणार. साध्या वाटेने गेलो असतो तर आठ-नऊ महिने वजा झाले असते. तुमच्या बाबतीत रांगच इतकी मागे आहे की या हिशेबाने काही साधणार नाही, पण येथे वाचणाऱ्या एखाद्याची तारीख काठावर असेल तर त्याने हे जरूर पाहावे. मुलाचे वय मोजताना बुलेटिनमधील दोन तक्त्यांपैकी कोणता तक्ता धरायचा, हा नियम फेब्रुवारी २०२३ मध्ये मुलांच्या बाजूने बदलला होता. तो १५ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा जुन्यासारखा कडक झाला आहे.

खोट्या आशेतही राहू नका. लहानपणी अमेरिकेत आलेल्यांची हद्दपारी टाळणारी, २०१२ मध्ये सुरू झालेली डाका योजना त्या वेळी कायदेशीर दर्जा नसलेल्या मुलांसाठी होती, आपल्या मुलांचा दर्जा कायदेशीर असल्यामुळेच ती त्यात बसली नाहीत. आपल्या मुलांसाठीचे विधेयक २०२१ मध्ये संसदेत मांडले गेले, पुढेही मांडले गेले, परंतु त्याचा कायदा झालेला नाही. एफ-१ नंतर नोकरी लागली तरी मार्च महिन्यातील एच-१बी च्या सोडतीत तिचे नाव यावे लागेल, आणि ग्रीन कार्डाची रांग तिला शेपटापासून धरावी लागेल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नावर मी फारसे बोलण्यास पात्र नाही. आम्ही मुलाला तो एकोणीस वर्षांचा झाल्यावर सांगितले. लहान वयात मुलांच्या डोक्यावर कागदपत्रांची टांगती तलवार नको, असे तेव्हा वाटले होते आणि आजही थोडेफार तसेच वाटते.


ओंजळ (टोरोंटो)
१६ नोव्हेंबर २०२५

बालाघाट काकांनी दिलेली माहिती अचूक आहे, पण त्यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी मी सहमत नाही. मी त्या टांगत्या तलवारीखाली वाढलेली मुलगी आहे, म्हणून त्या बाजूने लिहिते. आम्ही नाशिकहून अमेरिकेत आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आज अठ्ठावीस वर्षांची आहे.

मुलांना कळत नाही, हा मोठ्यांचा समज आहे. बाबांना एखाद्या संध्याकाळी वकिलाचा फोन आला की आई स्वयंपाकघरातला नळ बंद करायची, म्हणजे बोलणे नीट ऐकू यावे. त्या शांततेचा अर्थ मला दहाव्या वर्षापासून कळत होता, फक्त कारण ठाऊक नव्हते. शाळेत सोळाव्या वर्षी सगळ्या मैत्रिणी आइस्क्रीमच्या दुकानात उन्हाळी काम करू लागल्या आणि मी काहीतरी सबब सांगून टाळत राहिले. मला वाटले की घरच्यांना मुलीने काम करणे कमीपणाचे वाटते. गाडी चालवण्याचा परवाना मैत्रिणींना कित्येक वर्षांचा मिळाला आणि मला बाबांच्या व्हिसाच्या मुदतीपुरता, जेमतेम चौदा महिन्यांचा. बारावीत सरकारी शैक्षणिक साहाय्याचा अर्ज भरायला बसले, तेव्हा समुपदेशक बाईंनी मला सांगितले की तुला हे मिळणार नाही. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट मला परक्या व्यक्तीने सांगितली, याचा राग पुढे अनेक वर्षे गेला नाही. कायद्यावर मी तितकी कधी रागावले नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगते. एकविसाव्या वर्षी एफ-१, मग पदव्युत्तर शिक्षण, मग नोकरी, आणि तीन वर्षे सोडतीत नाव आले नाही. २०२३ मध्ये मी कॅनडात आले. येथील एक्स्प्रेस एन्ट्री पद्धतीत विशीतल्या वयाला सर्वांत जास्त गुण मिळतात आणि त्यात मला माझ्या नावावर कायमचा रहिवास मिळाला. कृष्णाकाठ काकू, हा पर्याय तुमच्या मुलीसाठी पदवीनंतर नक्कीच पाहण्यासारखा आहे. तुमच्यासाठी मात्र वयाचे गुण चाळिशीनंतर झपाट्याने कमी होतात आणि पंचेचाळीसनंतर शून्य होतात. ज्या घरांत मुले अजून बारा-तेरा वर्षांची आहेत, त्यांनी हे आजच लक्षात घ्यावे, कारण कॅनडात अवलंबून असलेल्या मुलाची वयोमर्यादा बाविसाच्या आत अशी आहे आणि अर्ज पोचला त्या दिवशीचे वय पुढे कायम धरले जाते.

माझे आईबाबा अजूनही न्यू जर्सीत, त्याच रांगेत आहेत. मला भेटायला आठ-नऊ तास गाडी चालवून येतात, त्यासाठीही त्यांना आधी कॅनडाचा व्हिसा काढावा लागतो. मागच्या खेपेला बाबा माझ्या स्वयंपाकघरात उभे राहून म्हणाले, "आपण घर बदललं की दर वेळी तुझी शाळा बदलायची, त्याचं तुला काय वाटायचं, हे मी कधी विचारलंच नाही." मी म्हटले, आता विचारा. आम्ही पहाटे दोनपर्यंत बोलत होतो.

तुमची मुलगी "मला नाही पेलत" म्हणाली, ते तुमचे कष्ट नाकारण्यासाठी म्हणाली नसावी. मीही असे बोलले आहे. कष्टांची जमाखर्चाची वही आपल्या नावावर उघडली आहे असे वाटते आणि ती कोणत्या यशाने मिटेल, ते कळत नाही. मला त्या वेळी आईने फाइल दाखवली असती, कोणता कागद कोणत्या तारखेचा हे सांगितले असते आणि "पुढचं तू आमच्याबरोबर ठरव" असे म्हटले असते, तर बरे वाटले असते.


जुना_सोलापूरकर (मिशिगन)
१७ नोव्हेंबर २०२५

मी १९७२ मध्ये यंत्र अभियंता म्हणून डेट्रॉइटला आलो. येथील बहुतेकांचे वय माझ्या मुलांपेक्षाही कमी असेल, तेव्हा थोडे मागचे सांगितले तर चालेल, असे धरून लिहितो.

आमच्या पिढीकडे एक कथा आहे आणि ती आम्ही प्रत्येक गणेशोत्सवात सांगतो: खिशात आठ डॉलर घेऊन आलो, कारण रिझर्व्ह बँक त्याहून जास्त परकीय चलन देत नव्हती, आणि मग कष्ट करून घर उभे केले. कथा खरी आहे. मी पहिले वर्ष रेखाटनकार म्हणून कमी पगारावर काढले, पत्नीने रात्रपाळीला बेकरीत पाव भरले. परंतु या कथेतला एक भाग आम्ही सांगत नाही. विमानातून उतरलो तेव्हाच कायम रहिवासाचा हक्क माझ्या हातात होता. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला फक्त शंभर जागा होत्या. १९६५ चा कायदा आला, राष्ट्रवार कोटे गेले, आणि शिकलेल्या माणसांसाठी दार उघडले. ते उघडले तेव्हा आम्ही दारापाशी उभे होतो, हे आमचे भाग्य. आज नोकरीच्या वाटेने वर्षाला सुमारे १,४०,००० ग्रीन कार्डे मिळतात आणि एका देशाला त्यांतली साधारण सात टक्के, म्हणजे ९,८०० च्या आसपास. त्यांत अर्जदाराबरोबर पत्नी आणि मुलेही मोजली जातात. इतर गटांतून काही उरले तर थोडी भर पडते. ही संख्या १९९० च्या कायद्यात ठरली आणि त्यानंतर भारतातून येणाऱ्यांची संख्या कुठल्या कुठे गेली. कृष्णाकाठ ताई, तुमचे यजमान माझ्याहून कमी राबले आणि म्हणून तेरा वर्षांनंतरही रांगेत राहिले, असे कोणी सुचवले तर ते मनावर घेऊ नका. मी स्वतः पूर्वी मंडळाच्या कार्यक्रमांत तरुणांना "धीर धरा, आम्हीही सोसले" असे म्हणत असे. हिशेब कळल्यावर ते बंद केले.

एकविसाव्या वर्षाची जखम आमच्याही घरात आहे. नागरिक झाल्यावर मी १९८९ मध्ये धाकट्या भावासाठी अर्ज केला. त्याचा क्रमांक २००१ मध्ये लागला. तोवर त्याचा थोरला मुलगा बावीस वर्षांचा झाला होता. मुलांच्या वयाला संरक्षण देणारा कायदा त्यानंतरच्या वर्षी आला, आणि त्या कायद्यानेही बारा वर्षांच्या रांगेपुढे त्याचे काही साधले असते असे वाटत नाही. भाऊ, वहिनी आणि सतरा वर्षांची पुतणी आली. पुतण्या सोलापुरात आजीजवळ राहिला. वर्षभर भावाचे पाय येथे ठरत नव्हते. मुलीसाठी यावे तर मुलगा तिकडे, आणि मुलासाठी राहावे तर मुलीची संधी जाते, असा तो पेच होता. पुतण्याने त्याला फोनवर सांगितले, "तुम्ही जा, पण माझ्यासाठी जाताय असं लोकांना सांगू नका." तुमच्या मुलीचे वाक्य वाचले आणि मला चोवीस वर्षांपूर्वीचा तो फोन आठवला, म्हणून हे सगळे लिहिले. आमच्या आईचे शेवटचे आजारपण त्यानेच काढले. आम्ही दोघे भाऊ पोचलो ते तिसऱ्या दिवशी.


मुळामुठा (पुणे)
१७ नोव्हेंबर २०२५

आम्ही २०१९ मध्ये परत आलो, तेव्हा मुलगी तेरा वर्षांची आणि मुलगा नऊ वर्षांचा होता. परत येणे म्हणजे हार, असे आम्हाला वाटले नाही, मुलीला मात्र पहिली दोन वर्षे फार जड गेली. घरी मराठी बोलत असूनही देवनागरी वाचायला तिला सहावीच्या मुलांबरोबर बसावे लागले आणि ती गोष्ट तिने मला बऱ्याच काळाने सांगितली.

कृष्णाकाठ, तुमच्या बाबतीत परतण्याचा विचार घाईने करू नका, एवढेच सांगायचे आहे. अमेरिकी विद्यापीठात अभियांत्रिकीचे दुसरे वर्ष चालू असताना येथे तिसऱ्या वर्षात सहज प्रवेश मिळत नाही, बहुधा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आणि एकोणीस वर्षांच्या मुलीने कुठे राहावे, हे आता आईवडिलांनी परस्पर ठरवण्याचे वय राहिलेले नाही. तेरा वर्षांच्या मुलीला मी विचारले नाही, याची मला आजही खंत वाटते. तुमच्या मुलीला तरी विचारता येईल.


कृष्णाकाठ (न्यू जर्सी)
२४ नोव्हेंबर २०२५

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला आठवडा लागला, कारण आधी घरी बोलायचे होते.

शनिवारी आम्ही कपाटातली निळी फाइल काढून जेवणाच्या टेबलावर ठेवली. तिच्यात २०१२ पासूनचे सगळे मंजुरीचे कागद आहेत. यजमानांनी एकेक कागद तारखेप्रमाणे लावला आणि कोणत्या टप्प्यावर काय झाले ते मुलीला सांगितले, पहिल्या कंपनीची वाया गेलेली तीन वर्षेही सांगितली. "सोसलं" हा शब्द आम्ही दोघांनीही वापरायचा नाही, असे आधी ठरवले होते. सोपे गेले नाही. मधेच तिने विचारले, "पण मग तुम्ही आलात कशासाठी?" यजमान थोडा वेळ थांबले. मग म्हणाले की मिरजेच्या घरावरचे कर्ज फेडायचे होते, मोठ्या प्रकल्पावर काम करून पाहायची इच्छा होती, आणि बर्फ कसा पडतो तेही पाहायचे होते. "तू सहा वर्षांची होतीस. तुझ्या शिक्षणाचा विचार होता, पण पहिला तोच होता असं म्हटलं तर खोटं होईल." मी त्यांच्याकडे पाहतच राहिले, कारण कर्जाचे मला ठाऊक होते, बर्फाचे नव्हते. मुलगी हसली. कित्येक दिवसांनी.

मग तिने आजोबांबद्दल विचारले. बाबा तेव्हा का गेले नाहीत, हे तिला आजवर कोणी सांगितले नव्हते. तिची अशी समजूत होती की त्यांना कामातून रजा मिळाली नाही. शिक्क्याची गोष्ट ऐकल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली की एफ-१ झाल्यावर हेच आपल्यालाही लागू होईल, तर अर्ज करण्याआधी हिवाळी सुट्टीत मिरजेला आजीकडे जाऊन येता येईल का. तिच्याही एच-४ चा शिक्का संपलेला आहे, त्यामुळे तेही धोक्याचेच आहे. वकिलांनी स्पष्टपणे नको म्हणून सांगितले. तिने त्या रात्री आजीला दीड तास फोन केला.

बालाघाट भाऊ, रजिस्ट्रारला ईमेल पाठवला आहे आणि लेखी उत्तराची वाट पाहत आहोत. शुल्क वाढले तर मी शनिवारचीही पाळी घेईन, असे बोलायला गेले आणि मधेच थांबले. मग तिघांनी बसून वर्षाचा खर्च कागदावर मांडला. विद्यापीठात वीस तासांचे काम मिळाले तर त्यातले किती द्यायचे, ते तिने स्वतः लिहिले. आकडा मला जास्त वाटला, तिने तो कमी करू दिला नाही.

ओंजळ, तुझे पत्र तिला वाचायला दिले. मराठी वाचायला तिला वेळ लागतो, पण तिने दुसऱ्या कोणाकडून वाचून घेतले नाही. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात येत्या मंगळवारी सकाळी दहाची वेळ मिळाली आहे. मी सुट्टी काढते म्हटले, तर ती म्हणाली की ती एकटीच जाईल, फक्त निळी फाइल बरोबर नेईल.